उणे चौदा

रफिकनं पाण्याचा पाईप मधोमध दुमडला आणि हमदुल्लाच्या पाठीवर हाणला. पहिल्या फटक्याला म्हाताऱ्याच्या हातातलं रोप सुटलं नाही. दुसऱ्याला ते खाली पडलं, पिशवी फुटून माती त्याच्या पायांवर सांडली. तिसऱ्या फटक्यानंतर तो गुडघ्यांवर आला आणि दोन्ही हात डोक्यावर धरून तसाच बसून राहिला.

"पानी किसने डाला?"

"मैंने नहीं डाला, साब."

"तो मैंने डाला? ऐसे ही सड गया सब?"

पाईप पुन्हा वर गेला.

शेडच्या दुसऱ्या टोकाला अन्वरी माती चाळत होती. चाळणी तिनं खाली ठेवली नाही, फक्त हलवायची थांबवली. चोवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा हात कधी थांबणार हे तिला त्याच्या खांद्यावरून कळायचं. खांदा सैल पडला की संपलं. आज तो लवकर सैल पडत नव्हता.

कंटेनरच्या उघड्या दारातून गार वाफ बाहेर येत होती आणि हातभर अंतरावर विरून जात होती. मे महिन्यातली सकाळ, नऊसुद्धा वाजले नव्हते आणि पारा चाळिशीला टेकला होता. दाराशी रोपांच्या रांगा मांडलेल्या होत्या. हमदुल्लानं सकाळपासून एकेका रोपाची सुरळी, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, चिमटीत धरून हलकेच ओढून पाहिली होती. जिवंत रोपाची सुरळी जागची हलत नाही. यातल्या शंभरावर रोपांची सुरळी अलगद हातात आली होती. बुडाशी तपकिरी, आंबूस वासाची.

अखेर रफिकनं पाईप फेकला.

"आज इसको खाना नहीं," तो म्हणाला आणि पिकअपकडे निघून गेला.

हमदुल्ला उठला. कमीजला लागलेली माती त्यानं झटकली. मग एकदाच अन्वरीकडे पाहिलं. ती पुन्हा चाळणी हलवू लागली.

तिला खरं काय ते माहीत होतं. शुक्रवारी दुपारी नमाजहून आल्यावर रफिक फोनवर बोलत बोलत कंटेनरच्या मागच्या अंगाला गेला होता आणि तिथल्या पॅनेलवरचा आकडा त्यानं स्वतः खाली आणला होता. अधिक चार होतं, त्याचं एका झटक्यात उणे आठ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनं ते पाहिलं होतं. आठवड्याला दोन अंश, त्याहून घाई करायची नाही, हे वेळापत्रक तिच्याच अक्षरात कंटेनरच्या दाराला चिकटवलेलं होतं.

नर्सरी दुबईच्या पुढं, उम्म अल कुवैनच्या औद्योगिक वस्तीमागे होती. मालक अजमानला राहायचा आणि महिन्यातून एकदा यायचा. बाकी सगळं रफिकच्या हातात. नर्सरीच्या कडेला असलेल्या दोन खोल्यांत तो आणि अन्वरी राहत. इतरांसाठी खजूर, बोगनवेल, कडुनिंब वाढवता वाढवता तीन वर्षांपूर्वी मालकाला मझरीचं वेड लागलं होतं. मझरी म्हणजे पंख्यासारख्या पानांचा, निळसर राखी रंगाचा बुटका ताड. उन्हानं तो करपत नाही आणि बर्फानं मरत नाही. पोलंडमधल्या एका बागवाल्या कंपनीला त्यांच्याकडच्या हिवाळ्यात तगतील असे ताड हवे होते. इथल्या उन्हात रोपं भराभर वाढवायची, पण पाठवण्याआधी त्यांना थंडीची सवय लावायची. थोडं पाणी तोडायचं, उजेड कमी करायचा, आणि हळूहळू गारवा वाढवत न्यायचा. त्यासाठी जबल अली बंदरातून मासळी वाहणारा जुना रीफर, म्हणजे आत गारठा धरणारा कंटेनर आणून शेडमागे टेकवला होता. सगळे त्याला डबा म्हणत.

रफिकच्या हाताला झाडांचा गुण होता, हे कुणीही नाकारलं नसतं. हर्णैला असताना तो आंब्याची कलमं बांधायचा आणि त्यानं बांधलेलं कलम क्वचितच जायचं. एकोणिसाव्या वर्षी तो इकडे आला. जबल अलीच्या एका गोदामात मुकादमानं त्याला कमरेच्या पट्ट्यानं मारलं होतं, तेही सगळ्यांसमोर. लग्नाच्या पहिल्या वर्षी हे अन्वरीला सांगताना तो रडला होता. त्यानंतर दोन महिन्यांनी त्यानं तिच्यावर पहिल्यांदा हात उचलला. तेव्हाही रडला होता. पुढं रडणं बंद झालं.

दुपारी तो मालकाकडे गेल्यावर अन्वरीनं ताटात भाकरी आणि बांगड्याचं सार वाढलं आणि पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत नेऊन ठेवलं. हमदुल्ला तिथं पालथा पडला होता.

"चाचा, थोडा खा लो."

"साब ने मना किया है."

"साब बाहर गया है."

तो उठून बसला. साठीचा, पण हाडानं दणकट माणूस होता. पाकिस्तानातल्या कोहाटच्या पलीकडच्या डोंगरातला. नर्सरीत मझरी पहिल्यांदा आली तेव्हा तिचं नाव विचारावं न लागलेला तो एकटाच होता. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. हात वर नेताना पाठ ओढली गेली तसा थांबला, मग दुसऱ्या हातानं खाऊ लागला.

"बर्फ लगाऊँ पीठ को?"

"बर्फ तो बहोत है इधर," तो हसून म्हणाला.

थोडं खाऊन झाल्यावर तो आपणहून बोलू लागला. त्यांच्याकडे मझरी कुणी लावत नाही. डोंगरावर आपोआप येते. दोन-दोन महिने बर्फाखाली असते. त्याची आई तिच्या पानांच्या चपला विणायची, दोऱ्या वळायची, चटया करायची. घरातलं निम्मं सामान मझरीचं.

"लेकिन उधर ठंडी धीरे-धीरे आती है, बीबी. पहले हवा, फिर पाला, फिर बर्फ. झाड को मालूम पडता है कि आ रही है." त्यानं बोटं पुसली. मग ताटाकडे बघतच विचारलं, "आपने देखा था ना? जुम्मे को?"

अन्वरीनं इकडे तिकडे पाहिलं. आवारात कुणी नव्हतं. बाकीचे चार कामगार दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्याच्या आवारात झाडं लावायला गेले होते, ते गुरुवारीच परतणार होते.

"देखा था," ती म्हणाली.

"ठीक है फिर," हमदुल्ला म्हणाला. "किसी एक ने देखा तो ठीक है."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं. रिकामं ताट उचलून ती खोलीत आली आणि ते दोनदा घासलं.

मंगळवारी सकाळी रफिकचा फोन वाजला. पोलंडचा माणूस दुबईत उतरला होता आणि ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, उद्याच येतो म्हणत होता. रफिक इंग्रजीत हसून बोलला, नो प्रॉब्लेम, मोस्ट वेलकम म्हणाला, फोन खिशात टाकला आणि तसाच डब्याच्या मागच्या अंगाला चालत गेला. अन्वरी त्याच्या पाठोपाठ धावली.

"काय करताय?"

"उद्या दार उघडल्यावर त्याला पानांवर बर्फ दिसला पाहिजे. बर्फात उभी आहेत रोपं, हिरवीगार. एक फोटो काढला की काम झालं त्याचं."

"आत्ताच एवढी गेली. उरलेल्यांना पंधरा दिवस तरी शांत राहू द्या. नाहीतर ही पण जातील."

"फोटो काढल्यावर जाऊ देत."

"तो मूर्ख आहे का? महिन्यानं कळेल त्याला."

रफिकनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "शिकवू नको मला," तो म्हणाला आणि बटण दाबत राहिला. पॅनेलवर हिरवे आकडे उतरत गेले. उणे चौदावर तो थांबला. डब्याच्या पोटात मशीन गुरगुरलं.

दीड तासानं त्यानं हमदुल्लाला हाक मारली. बारीक फवाऱ्याचा पाईप त्याच्या हातात दिला आणि आत जाऊन सगळ्या पानांवर पाणी मारायला सांगितलं. पाणी मारलं की बर्फ धरेल, असा त्याचा हिशेब.

हमदुल्ला डब्याच्या दारात उभा राहिला. आत पाहिलं, मग बाहेर वळला.

"नहीं, साब."

"क्या नहीं?"

"पत्ते पे पानी नहीं मारूँगा. मर जाएगा. तीन साल का झाड है."

अन्वरी दहा पावलांवर होती. आता पाईप दुमडला जाईल असं तिला वाटलं. पण रफिक शांतपणे पुढं झाला, म्हाताऱ्याच्या हातातून फवारा काढून घेतला आणि त्याच्यावरच सोडला. तोंडावर, छातीवर, सलवारीवर. हमदुल्लानं डोळे मिटले, तोंड वळवलं, पण जागचा हलला नाही. टाकीतलं पाणी उन्हानं इतकं तापलेलं की त्याच्या कपड्यांतून वाफ निघाल्यासारखं वाटलं. मग रफिकनं पाईप टाकला, दोन्ही हातांनी त्याला आत ढकललं आणि दार लोटलं. एक दांडा खाली आला, दुसरा आला.

"झाड की बहोत फिकर है ना तेरे को. बैठ उनके साथ."

"अहो, भिजलाय तो," अन्वरी म्हणाली. ती दारापाशी पोचली होती. हात दांड्यावर गेला. "मरेल तो. उघडा."

त्यानं उलट्या हातानं तिच्या तोंडावर मारलं. ती रोपांच्या रांगेवर कोसळली, पिशव्या तिच्याखाली फुटल्या. कान सुन्न झाला आणि त्या सुन्नपणातून काहीतरी कोमट गळ्यावर उतरू लागलं. ती उठू लागली तशी त्यानं तिच्या बरगडीत लाथ घातली. फार जोरात नाही. कुत्र्याला बाजूला करताना घालतात तेवढ्याच जोरात.

आतून दारावर थापा पडत होत्या.

रफिकनं खिशातून कुलूप काढलं, दांड्याच्या कडीत अडकवलं आणि चावी परत खिशात टाकली. "बॅटरी घेऊन येतो वर्कशॉपमधून. अर्ध्या-पाऊण तासात येतो. तोवर शहाणा होईल."

पिकअपची धूळ खाली बसेपर्यंत अन्वरी तिथंच पडून राहिली. पोलिसांना फोन लावावा असं तिच्या मनात आलं. फोन ओढणीच्या टोकाला बांधलेला होता. पण पोलीस येईपर्यंत काय होईल, आणि आल्यावर कुठून सांगायचं, एवढ्या विचारात दोन थापांमधलं अंतर वाढल्याचं तिच्या लक्षात आलं.

ती उठली. आधी मागच्या अंगाला जाऊन मेन स्विच खाली ओढला. मशीन थांबलं, पंखे थांबले. मग शेडमध्ये जाऊन झाडं खणायची पहार घेतली. ती तिच्या उंचीएवढी होती आणि एरवी दोघं मिळून उचलत. पहारेचं टोक कुलपाच्या कडीत घालून तिनं अंगाचा भार टाकला. टोक सटकलं आणि तिचं कोपर लोखंडावर आपटलं. पुन्हा घातलं. पुन्हा सटकलं. उन्हात तापलेली पहार हाताला चटके देत होती, म्हणून तिनं ओढणी गुंडाळली.

"चाचा, चलते रहो अंदर. बैठना मत."

आतून काहीतरी उत्तर आलं. शब्द कळले नाहीत.

कुलूप तुटलं नाही. कडी मात्र गंजलेली होती, ती उपटली गेली. तोवर किती वेळ गेला हे तिला नंतर सांगता आलं नाही. डॉक्टरनं विचारलं तेव्हा ती अर्धा तास म्हणाली, मग पाऊण म्हणाली.

हमदुल्ला आत उभा होता. कुंड्यांवर घातलेली गोणपाटं काढून त्यानं अंगाला गुंडाळून घेतली होती. भिजलेली दाढी पांढरी टणक झाली होती, सलवार पत्र्यासारखी ताठ. तो स्वतः चालत बाहेर आला, चार पावलं टाकली आणि उन्हात जमिनीवर बसला. दात वाजत नव्हते. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिनं त्याचे हात पाहिले. दारावर थापा मारलेले ओले हात लोखंडाला चिकटले असणार. तळव्यांची कातडी जागोजागी सोललेली होती. बोटं मात्र लाल नव्हती. मेणाची असावीत तशी पांढरी.

"दुखता है?"

"नहीं," तो आश्चर्यानं म्हणाला. "कुछ नहीं लगता."

कोमट पाण्यात हात धरायचे असतात एवढं तिला ठाऊक होतं. पण टाकीचा नळ सोडला तर पाणी चटका देणारं. तिनं खोलीतल्या फ्रीजमधल्या बाटल्या आणल्या, टबात ओतल्या, टाकीचं पाणी घातलं, स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं आणि मग त्याचे हात आत ठेवले. कोरडी चादर त्याच्या खांद्यावर टाकली. ओढणीची गाठ सोडून फोन काढला आणि अँब्युलन्सचा नंबर दाबू लागली, तेवढ्यात फाटकातून पिकअप आली.

रफिकनं आधी उपटलेली कडी पाहिली. मग बंद पडलेलं मशीन ऐकलं. कदाचित त्याला भलतीच कसली भीती वाटली असेल, कारण दोघांना जिवंत बघून त्याच्या तोंडावर क्षणभर सुटकेसारखं काहीतरी येऊन गेलं. पण चालत येता येता ते गेलं. त्यानं अन्वरीच्या हातातला फोन हिसकावून भिरकावला, तिचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं डब्याच्या दारावर आपटलं.

"माझं कुलूप तोडतेस. माझं कुलूप."

दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा तिला दार दिसेनासं झालं. तिसऱ्यांदा आपटायला त्यानं हात मागं घेतला आणि तो हात परत आलाच नाही.

हमदुल्लानं त्याला मागून धडक दिली होती. दोघं मातीच्या ढिगावर पडले. म्हाताऱ्याला मूठ वळता येत नव्हती, बोटं त्याचं ऐकत नव्हती. तो कोपरानं मारत होता. नाकावर, खांद्याच्या हाडावर, पुन्हा नाकावर. एकदा काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि रफिक ओरडला. अन्वरीनं त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. तिला वाटलं दुसरंच कुणी ओरडतंय. मग हमदुल्ला त्याच्या छातीवर बसला आणि पुढचा हात आडवा करून त्यानं त्याच्या गळ्यावर दाबला.

रफिकच्या टाचा माती उकरू लागल्या. एका पायातली चप्पल निघाली. त्याचे हात म्हाताऱ्याच्या दाढीपर्यंत पोचत, तिथं काही धरत आणि गळून पडत.

हमदुल्लानं मान वर करून अन्वरीकडे पाहिलं. तो विचारत होता. हात तसाच होता, भार तसाच होता आणि तो तिला विचारत होता.

ती डब्याच्या दाराला पाठ टेकून बसली होती. तोंडात रक्त आलं होतं, ते तिनं गिळलं. नवऱ्याचा चेहरा आधी लाल होता, मग जांभळा होत गेला. त्याचे डोळेही तिच्याकडेच वळले होते. टबातलं पाणी उलटून मातीत शिरत होतं. तिनं ते पूर्ण शिरेपर्यंत पाहिलं.

"बस, चाचा," मग ती म्हणाली.

हमदुल्लानं लगेच हात काढला. तो बाजूला सरकला आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला, ते कुणी ठेवायला दिलेले असावेत तसे. रफिक कुशीवर वळून खोकत राहिला.

फोनची काच तडकली होती, पण तो चालू होता.

अँब्युलन्सची वाट बघताना हमदुल्ला एवढंच बोलला, "पुलिस पूछेगी तो मेरा नाम बोलना. मैंने मारा है. मेरे वास्ते झूठ मत बोलना, बीबी."

वाटेत तिनं कशफला फोन केला. दुबईच्या एका फर्निचरच्या कारखान्याच्या ऑफिसात काम करणारी तिची तेवीस वर्षांची मुलगी. श्रीवर्धनच्या एका घरात तिचा निकाह ठरला होता, जानेवारीत.

"पप्पांना लागलंय. हॉस्पिटलला ये."

"अँड यू?" कशफनं विचारलं. मग लगेच पुन्हा विचारलं, "मम्मी, वॉज इट हिम? आन्सर मी."

"ये तू," अन्वरी म्हणाली आणि फोन ठेवला.

हॉस्पिटलात मल्याळी डॉक्टरबाईनं हमदुल्लाची बोटं बराच वेळ निरखली. बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं.

"ये बर्फ का है," ती म्हणाली. "इधर मैंने कभी नहीं देखा. कैसे हुआ?"

हमदुल्ला सांगणार होता, पण तेवढ्यात नर्सनं पट्टी सुरू केली आणि वेदना, जी इतका वेळ नव्हती, ती एकदम आली. उजव्या हाताची दोन बोटं राहतील की नाही ते आठवड्यानं कळेल, असं डॉक्टरबाईनं अन्वरीला बाजूला घेऊन सांगितलं. अन्वरीच्या कपाळाला पाच टाके पडले.

रफिकच्या खांद्याचं हाड मोडलं होतं आणि नाक. तो खाटेवर टेकून बसला होता, एक डोळा सुजून बंद झालेला. पोलीस अधिकारी तरुण अमिराती होता. फाइल मांडीवर घेऊन, कामापुरत्या हिंदीत, पण अदबीनं विचारत होता.

"किसने मारा?"

अन्वरी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. रफिकनं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"कोई नहीं मारा, सर. रॅम्प गीला था. पाँव फिसल गया, लोहे पे गिरा."

"वो बुढ्ढा आदमी? उसका हाथ?"

"पुराना कंटेनर है. दरवाजा जाम हो गया. वो अंदर रह गया. मेरी बीवी ने पहार से तोडके निकाला."

"और मदाम का सिर?"

"तोडते टाइम पहार लगी." तो थांबला, श्वास घेतला. "बहोत हिम्मत किया उसने."

अधिकारी लिहीत होता. अन्वरीनं मनातल्या मनात सगळं जुळवून पाहिलं. कुठंच फट नव्हती. हमदुल्लावर मारहाणीचा गुन्हा लागणार नव्हता. रफिकची नोकरी जाणार नव्हती. तिला कुणी काही विचारणार नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं एका दमात सगळ्यांना वाचवलं होतं.

रफिकनं न दुखावलेला हात पुढं करून तिचा हात धरला. हात ऊबदार होता.

"अन्वरी," तो हळू आवाजात म्हणाला, तिला एकटीला ऐकू जाईल असं. "जानेवारीत निकाह आहे. पोरीचं नीट होऊ दे. साहेबाला हो म्हण, की झालं. मी पण... इन्शाल्ला, यापुढं काही होणार नाही."

तो खरंच बोलत होता. ते तिला कळत होतं. बोलताना त्याचं नेहमीच सगळं खरं असायचं.

उघड्या दारातून बाहेरचा बाक दिसत होता. हमदुल्ला तिथं बसला होता. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले दोन्ही हात त्यानं छातीसमोर वर धरले होते, खाली सोडले की ठणका लागत असणार. येणारे जाणारे त्याच्याकडे बघून पुढं जात होते. तो आत बघत नव्हता.

"खलास?" अधिकाऱ्यानं विचारलं. त्यानं पेन खिशाला लावलं होतं.

अन्वरीनं आपला हात सोडवून घेतला.

"नहीं," ती म्हणाली.

भिंतीशी प्लॅस्टिकची खुर्ची होती. ती तिनं स्वतः ओढून आणली, अधिकाऱ्याच्या समोर ठेवली आणि बसली. बरगडीत कळ आली, म्हणून जरा वाकून बसली. रफिकनं काहीतरी म्हटलं, तिनं तिकडे पाहिलं नाही.

"मेरा भी लिखो."

अधिकाऱ्यानं तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग पुन्हा पेन काढलं आणि कोरं पान उघडलं.

"बोलो. शुरू से."

"शुरू से बहोत लंबा है, साहब," ती म्हणाली. "जुम्मे से लिखो."